वर्गातली इंग्रजी – लेखांक ६ : कोणाच्या मुलांनी शिकायची?

मागच्या आठवड्यात शाळेतल्या इंग्रजी अर्जाबद्दल बोललो. पोट दुखतंय म्हणून एका दिवसाची रजा मागणारं पोर ‘आय बेग टू स्टेट’ असं म्हणत हात जोडतं आणि ‘युवर्स ओबीडियंटली’ म्हणत मान तुकवतं. साहेबाच्या कचेरीतली ही अदब साहेब गेल्यावरही शाळेच्या वहीत मुक्काम करून राहिली. तिथे प्रश्न होता तो वर्गात काय लिहायला शिकवतात याचा. आजचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: त्या वर्गात बसायला कोणाला मिळतं?

नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल आहे. ती चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ सालची, म्हणजे पेशवाई बुडण्याच्याही आधीची. शाळा देवळालीला आली १९२५ मध्ये. माध्यम इंग्रजी आणि सरकारी अनुदान चालू. अँग्लो-इंडियन शाळा म्हणून ती ओळखली जाई, पण स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत तिथली जवळपास निम्मी मुलं इतर समाजांतली होती. महाराष्ट्रात इंग्रजी शिकवण्यावरून झालेल्या वादांपैकी मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो याच शाळेतल्या दोन प्रवेशांवरून झालेला.

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्य सरकारने एक आदेश काढला. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. ज्या वर्गाचं माध्यम इंग्रजी आहे, तिथे यापुढे फक्त अँग्लो-इंडियन मुलं आणि आशियाई वंशाची नसलेल्या नागरिकांची मुलं घ्यायची, असं त्यात म्हटलं होतं. कारण, इंग्रजी ही त्यांचीच भाषा. बाकीच्यांनी भारतीय भाषेतून शिकावं.

आदेशानंतर थोड्याच दिवसांत दोन पालक बार्न्सच्या मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले. एक कुटुंब भारतीय ख्रिस्ती होतं आणि त्यांच्या घरात इंग्रजीच बोलली जाई. दुसरं गुजराती हिंदू होतं आणि घरची भाषा गुजराती होती. आदेशावर बोट ठेवून मुख्याध्यापकांनी दोघांनाही परत पाठवलं.

गुजराती मुलाचं प्रकरण सरकारच्या दृष्टीने सरळ होतं. खरी पंचाईत होती त्या ख्रिस्ती घरातल्या मुलीची. जी भाषा ती आईकडून शिकली, त्याच भाषेच्या वर्गात तिला जागा नाही, कारण तिचा वंश यादीत बसत नाही. राज्यघटनेने अँग्लो-इंडियन कोणाला म्हणायचं हे सांगितलं आहे: ज्याचे वडील किंवा वडिलांकडचा कोणी पूर्वज युरोपीय वंशाचा होता, असा भारतात स्थायिक असलेला माणूस. आईकडून कोणी युरोपीय असेल तर ते धरत नाहीत. मातृभाषेच्या नावाने काढलेला हा आदेश अशा रीतीने बापाच्या कुळावर येऊन टेकला होता.

पालक आणि सोसायटी उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९५४ मध्येच आदेश रद्द झाला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही मे महिन्यात हरलं. न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा साधा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असं घटनेचं २९ वं कलम म्हणतं. सरकारचा बचाव असा, की आमचा हेतू देशी भाषा वाढवण्याचा आहे, कोणाला नाकारण्याचा नाही. कोर्टाने म्हटलं, हेतू चांगला असेलही, पण आदेशाने प्रत्यक्ष काय घडतं ते पाहायचं. हे कलम फक्त अल्पसंख्याकांसाठी आहे, हाही बचाव टिकला नाही.

त्यात एक गंमत होती. अँग्लो-इंडियन शाळांना अनुदान चालू ठेवताना घटनेच्या ३३७ व्या कलमाने एक अट घातली होती: दरवर्षीच्या प्रवेशांपैकी किमान चाळीस टक्के जागा इतर समाजांतल्या मुलांसाठी खुल्या हव्यात. आदेश पाळला तर अट मोडते, अट पाळली तर आदेश मोडतो. मंत्रालय तेव्हा सचिवालय होतं, पण तिथल्या कागदांची आपसांत गाठ न पडण्याची रीत जुनीच दिसते.

सरकारची बाजू मी टाकून देत नाही. १९६५ पर्यंत केंद्राच्या कारभारातून इंग्रजी बाजूला सारायची, असं घटनेनेच ठरवलं होतं. लहान मूल घरच्या भाषेत शिकलं तर त्याला विषय नीट कळतो, हे तेव्हाही शिक्षणाच्या अभ्यासकांचं मत होतं आणि ते मला आजही बरोबर वाटतं. शिवाय शहरातली सुखवस्तू घरं आपली मुलं अशा शाळांत घालून मोकळी होत होती, बाकीच्यांनी देशी भाषेचा अभिमान बाळगायचा. ही पळवाट बंद करावीशी वाटणं समजू शकतं. पण बंद करताना जन्म पाहिला, तिथे हिशेब चुकला. तत्त्व खरं असलं की ते दुसऱ्याच्या मुलावर लादायचा अधिकारही आपोआप मिळतो, असं भाषेवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांना फार पटकन वाटतं.

जन्म पाहण्याची सवय आपल्याकडच्या शाळांना नवी नव्हती. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळावर एर्स्किन पेरी आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा माध्यमावरून वाद झाला. पेरी इंग्रजीच्या बाजूचे, नाना देशी भाषांच्या. नाना काही इंग्रजीचे वैरी नव्हते. सामान्य रयतेपर्यंत विद्या पोचवायची तर ती तिच्या भाषेतच पोचेल, एवढंच त्यांचं म्हणणं. पेरींच्या मंडळाचा रोख वेगळा होता: पैसा थोडा आहे, तेव्हा तो वरच्या वर्गातल्या थोड्यांवर खर्च करावा. मग ‘वरचा वर्ग’ म्हणजे कोण, याचीही मंडळाच्या अहवालात चर्चा झाली. पुढे १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाने सरकारकडे दाद मागितली. सरकारने न्याय त्याच्या बाजूला असल्याचं कबूल केलं आणि तरीही त्याला घेतलं नाही, कारण एकासाठी बाकीची शाळा रिकामी होईल. ही दोन्ही प्रकरणं बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडलेल्या निवेदनात ओळीने ठेवली आहेत. पैसा कोणावर खर्च करायचा आणि प्रवेश कोणाला द्यायचा, हे प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत.

धारवाड आणि देवळाली एका मापाने तोलायचे नाहीत. एका ठिकाणी शतकानुशतकांचं बहिष्कृतपण होतं, दुसरीकडे बऱ्या स्थितीतल्या घरांची दोन मुलं. पण वर्गात कोणाला बसू द्यायचं हे कोणीतरी वरून ठरवायचं, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. म्हणूनच इंग्रजीविरुद्धचा युक्तिवाद कितीही देशप्रेमी असला, तरी दलित-बहुजन घरांत तो संशयाने ऐकला जातो. सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजीवर कविता लिहिल्या, त्याही याच अनुभवातून.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ विचारवंतांनी विरोध केला. त्यांचं शैक्षणिक म्हणणं कच्चं नव्हतं: ज्या गुरुजींना स्वतःला इंग्रजी बोलायची सवय नाही, ते सहा वर्षांच्या पोरांना काय शिकवणार? पण शेतकऱ्याच्या पोराने पाचवीपर्यंत थांबायचं आणि डॉक्टरच्या पोराने बालवाडीतच ‘रेन रेन गो अवे’ म्हणायचं, याचं उत्तर त्या विरोधात नव्हतं. पालकांनी मग आपलं उत्तर शोधलं. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, असं सेमी-इंग्रजी गावोगाव पसरलं.

कायद्यापुरता हा प्रश्न २०१४ मध्ये मिटला. कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की प्राथमिक शाळेचं माध्यम मातृभाषाच हवं अशी सक्ती सरकार करू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हेही पालकच सांगतील. देवळालीच्या त्या मुलीचं घर १९५४ मध्ये हेच सांगत होतं.

वर्गात शिरल्यावर काय होतं, हे पुढच्या लेखांकात. ‘हाऊ आय स्पेंट माय व्हेकेशन’ हा इंग्रजी निबंधाचा ठरलेला विषय घेऊ आणि बीडहून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाने तो कसा लिहायचा, तिथून सुरुवात करू.