पिवळा फ्लॅट, हिरवी राजोडी!

डीपी, रिजनल प्लॅन, आरक्षण, हरकती... हे शब्द दिसताच पान उलटणार होतात ना? जरा थांबा. ज्या नकाशाकडे आपण ढुंकूनही बघत नाही, तोच आपल्या नळाचं पाणी, आपल्या बिल्डिंगचं भवितव्य आणि आपला रविवारचा बीच ठरवत असतो.

नालासोपारा-विरारच्या कुठल्याही ऑफिसगोअरला विचारा, 'रविवारी काय प्लॅन?' सिनेमा नसेल, सेल नसेल आणि मेगाब्लॉक असेल तर उत्तर ठरलेलं: राजोडी! लांबलचक किनारा, सुरूची झाडं, शहाळं आणि सोबत दोस्तांचा ग्रुप. मुंबईच्या बीचवरची चेंगराचेंगरी नको असेल, तर पश्चिम रेल्वेवरच्या पब्लिकला एवढा स्वस्त आणि मस्त पर्याय दुसरा नाही.

राजोडीपेक्षा राजोडीचा रस्ता जास्त मजेदार आहे. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग, एकमेकींना खेटून उभ्या बिल्डिंगा, हातभर अंतरावरून शेजाऱ्याच्या किचनमध्ये डोकावणारी खिडकी. मग एकदम केळीच्या बागा, फुलांचे मळे, पानवेली, चर्चचे मनोरे आणि देवळाकाठची तळी. कुणीतरी पट्टी घेऊन रेघ मारावी तसा शहराचा कारभार आटोपतो आणि गाव सुरू होतं.

ही रेघ खरंच कुणीतरी मारली आहे. विकास आराखड्यात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'डीपी'त. रेघेच्या एका बाजूला पिवळा रंग, म्हणजे रहिवासी विभाग. दुसऱ्या बाजूला हिरवा. तुमचा-आमचा फ्लॅट पिवळ्यात, वसईचा पश्चिम पट्टा बराचसा हिरव्यात. आणि या दोन रंगांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून खूप जवळचं आहे.

नकाशाची कुंडली

मुंबई महानगर प्रदेश म्हणजे आजघडीला नऊ महापालिका आणि ६ हजार चौरस किलोमीटरहून मोठा पसारा. या अख्ख्या प्रदेशाची एक प्रादेशिक योजना असते. पहिली १९७३मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९मध्ये आणि २०१६ ते २०३६ या काळासाठीची तिसरी २०२१मध्ये. कुठे शहर वाढू द्यायचं, कुठे शेती राखायची, मोठे रस्ते आणि रेल्वे कुठून न्यायची, हे मोठं चित्र त्यात ठरतं. त्याखाली प्रत्येक शहराचा स्वतःचा डीपी. कुठल्या प्लॉटवर शाळा, कुठे बाग, कुठला रस्ता किती रुंद, हा बारीक हिशेब त्यात असतो.

वसई-विरारचा डीपी महापालिकेने केलेला नाही, कारण तेव्हा महापालिकाच नव्हती! १९९०मध्ये सरकारने 'सिडको'ला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. सिडकोने २००१ ते २०२१ या वीस वर्षांसाठीचा आराखडा केला आणि त्याला मंजुरी मिळाली फेब्रुवारी २००७मध्ये. म्हणजे वीसपैकी सहा वर्षं मंजुरीआधीच संपली होती. तेवढ्यात लोकलने माणसं येतच होती आणि बिल्डिंगा उठतच होत्या. ३ जुलै २००९ला चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली, आणि तिच्या हातात हा आयता नकाशा आला. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती.

गंमत म्हणजे राजोडीचे शेजारी कळंब आणि सत्पाळा महापालिकेत नाहीत, तिथे ग्रामपंचायत आहे. पण २०१५पासून त्यांच्यासाठीही नियोजन प्राधिकरण महापालिकाच. गावकरी मत देतात एकीकडे आणि त्यांच्या जमिनीचा रंग ठरतो दुसरीकडे! महापालिकेत राहायचं की बाहेर, यावरून इथे २००९पासून मोर्चे निघाले, त्याच मुद्द्यावर विधानसभेची निवडणूक गाजली. २०११मध्ये सरकारने २९ गावं वगळली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०२४मध्ये सरकारने ती महापालिकेतच ठेवायचं ठरवलं.

हिरव्याचं आपल्याला काय?

'मला काय करायचंय? मी सकाळी लोकल पकडतो, रात्री घरी येतो.' बरोबर. पण घरी आल्यावर नळ उघडता ना?

समुद्राकाठच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत राहतं. त्याचा उपसा मुरणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झाला की खारं पाणी वर चढतं आणि विहीर कायमची बिघडू शकते. वसईच्या शेतकऱ्याला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणून वाडीत बावखळ असायचं. बावखळ म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं आणि सावकाश जमिनीत सोडणारं खोदलेलं तळं. त्याच्यावर बाग शिंपायची, विहिरी जिवंत ठेवायच्या. बावखळ बुजवलं की प्लॉट मिळतो, पण शेजारच्या दहा विहिरींचं पाणी घटतं.

ऐंशीच्या दशकात स्टेशनजवळ कॉलन्या उठल्या आणि त्यांची तहान भागवायला याच गावांतल्या विहिरींतून टँकर भरभरून जायला लागले. त्या उपशाविरुद्ध आणि बागायतीवर येणाऱ्या सिमेंटविरुद्ध उभी राहिली 'हरित वसई संरक्षण समिती'. तिचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४मध्ये त्यांचं निधन झालं. साहित्यिक म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, पण वसईत आधी आठवतं ते पाण्यासाठीचं आंदोलन.

आज आपल्याकडे सूर्या धरणाचं पाणी येतं. एमएमआरडीएच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा. छान! तरीही बिल्डिंगच्या गेटवर टँकर दिसतोच की नाही? डीपीने माणसं किती येणार याचा अंदाज बांधायचा आणि पाण्याची, रस्त्याची, मैलापाण्याची जागा राखायची असते. अंदाज चुकला किंवा राखलेली जागा गेली, की त्याचं बिल सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतं.

आणि पाणी नको तेव्हा? जुलै २०१८ आठवा. वसई-विरार पट्ट्यात रेल्वे रुळांवर पाणी, लोकल बंद, अनेक भागांत वीज गुल, दिवसेंदिवस घरात अडकलेली माणसं. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी समुद्राकडे आणि खाडीकडे जाताना सखल शेतांत, मिठागरांत पसरून थांबायचं. भरती ओसरली की निघून जायचं. थांबायच्या जागांवर भराव पडला, नाले आक्रसले, मग ते पाणी तळमजल्यावर मुक्कामाला आलं. यानंतर महापालिकेला आयआयटी मुंबई आणि 'नीरी'च्या तज्ज्ञांना अभ्यासाला बोलवावं लागलं. म्हणजे नकाशातला हिरवा रंग नुसता बघायला छान नसतो. तो आपली पाण्याची टाकी आहे आणि आपली गटारलाइनसुद्धा!

हिरवा म्हणजे कुलूप नव्हे

आता नाण्याची दुसरी बाजू. आपण रविवारी जायचं, हिरवाईचे फोटो काढायचे आणि 'हे असंच राहायला हवं' म्हणून परत यायचं, हे फार सोपं आहे. ज्याची वाडी आहे त्याचं काय? मुलाचं लग्न ठरलं, घर वाढवायचंय, तर हिरव्या पट्ट्यात बांधकामाला मर्यादा. किनाऱ्यालगत त्यावर सीआरझेडचे नियम. शेतीला मजूर मिळत नाही, मुलं तुमच्या-आमच्यासारखी चर्चगेटला नोकरी करतात. शेजारच्या पिवळ्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव, याच्याकडे मात्र सुरूची सावली!

म्हणून २०१६मध्ये प्रादेशिक योजनेचा मसुदा आला तेव्हा वसईच्या गावांनी डोळे मिटून 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नको'ही. माणसं सभांना बसली, मसुदा मराठीत हवा म्हणून भांडली आणि हजारोंनी हरकती दाखल झाल्या. हिरव्या पट्ट्यात बांधकामाची मुभा वाढवली, तर घर गावकऱ्याचं होणार की टॉवर बिल्डरचा, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. गावकऱ्याला राहतं घर वाढवता आलं पाहिजे आणि बावखळही बुजता कामा नये. हे दोन्ही जमवणारा नियम लिहिणं म्हणजेच नियोजन. नुसता रंग भरणं तर शाळेतल्या पोरालाही येतं.

या सगळ्यात पिवळ्या बाजूचे आपण कुठे होतो? खरं सांगायचं तर लोकलमध्ये.

कागदावर प्रकल्प, जमिनीवर बिल्डिंग

आपलं दुर्लक्ष किती महाग पडतं, ते नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीने दाखवलं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२४च्या अखेरीपासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यांनीही पैसे मोजले होते, दाराला तोरण बांधलं होतं. नकाशात ती जागा राखीव आहे, हे बघायला जाणं कितीसं अवघड होतं? पण सांगणारं कुणी भेटलं नाही आणि विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

कायद्यातली आणखी एक मेख. एखाद्या जमिनीवर बागेचं आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत ती ताब्यातच घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. मग २४ महिन्यांत भूसंपादनासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द! मुलाला खेळायला मैदान मिळेल म्हणून घेतलेल्या फ्लॅटसमोर टॉवर येतो तो असा, अगदी कायदेशीर वाटेने.

आपली पाळी कधी?

नगररचना कायदा सांगतो की डीपी वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायचा. सध्याच्या आराखड्याची मुदत २०२१पर्यंतची होती, आणि मंजुरीपासून वीस वर्षं मोजली तर २०२७ उजाडतं. विरारला बुलेट ट्रेनचं स्टेशन, उत्तन-विरार सागरी सेतूचा प्रस्ताव, पलीकडे डहाणूजवळ वाढवण बंदर. पुढच्या वीस वर्षांत इथल्या जमिनीवर किती डोळे असतील, याचा हिशेब करायला एमबीए लागत नाही.

नव्या डीपीचा मसुदा जाहीर झाला की नागरिकांना हरकतीसाठी मिळतात ३० दिवस. म्हणजे चार रविवार! त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी, मग मसुदा सरकारकडे. एकदा मंजुरीचा शिक्का बसला की पुढची वीस वर्षं तक्रार करायला व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच, फक्त त्याला कायद्यात किंमत नाही.

चौकट : चार रविवारांचं होमवर्क

• आपला सर्व्हे नंबर शोधा. तो करारनाम्यात असतो. नकाशावर त्याचा रंग आणि आरक्षण बघा.

• घर घ्यायचंय? महारेरा नंबर हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. २०२३मध्ये विरारमध्ये खोट्या बांधकाम परवानग्यांवर पन्नासहून जास्त इमारती उभ्या केल्याचं प्रकरण पोलिसांनी उघडकीला आणलं. झोन दाखला आणि बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागातून स्वतः पडताळा. इमारत तयार असेल तर भोगवटा दाखला, म्हणजे ओसी, मागाच.

• जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवा. कुठला हिरवा ठिपका पिवळा झाला? कुठलं मैदान आक्रसलं? शाळा, दवाखाना, सांडपाणी केंद्र कुठे गेलं?

• हरकत एका पानाची पुरते. सर्व्हे नंबर, काय चुकतंय, त्याऐवजी काय हवं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या.

• सुनावणीची तारीख आली की हाफ डे टाका आणि जा. लेखी म्हणणं बोलून मांडलं की त्याची दखल घेणं टाळता येत नाही.

• एकट्याने जाऊ नका, सोसायटीतर्फे जा. आणि जमलं तर गावातल्यांशी बोला. वीस वर्षांपूर्वीच्या आराखड्यात काय ठरलं होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आजवर हिरव्यासाठी भांडत आले ते बहुतेक हिरव्यातले लोक. त्यांनी राखलेल्या वाड्यांतून मुरलेलं पाणी पिवळ्यातले आपण वर्षानुवर्षं प्यालो. त्या बदल्यात एका पानाचा अर्ज आणि एक हाफ डे, एवढं आपल्याकडून निघायला हरकत नाही. हरकत घ्यायची ती नकाशावर!