गृहिणींचा रक्तदाब

वाढलेला रक्तदाब हा चिंतातुर पुरुषांचा विकार, स्त्रियांचा नव्हे, अशी समजूत सुशिक्षित घरांतही अद्याप दृढ आहे. आमच्या सोमेश्वरनगराच्या परिसरांत कित्येक घरीं आतां रक्तदाब मोजण्याचें यंत्र असतें; परंतु त्याची पट्टी बहुधा वडील पुरुषांच्याच दंडास बांधली जाते. सासूबाई व सूनबाई यांची पाळी देवपूजा, स्वयंपाक व सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर. म्हणजे येतच नाहीं.

तारुण्यांत स्त्रियांचा रक्तदाब पुरुषांहून सामान्यतः कमी असतो खरा. परंतु ऋतुनिवृत्तीनंतर तो वाढत जातो आणि उतारवयांत पुरुषांची बरोबरी करितो, किंबहुना त्यांस मागें टाकितो. डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं, म्हणून रोग नाहीं, हें अनुमान खोटें. धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं असें नैयायिकही म्हणत नाहींत. तापलेल्या लोहगोलकास धूर कोठें असतो? वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९०, अथवा त्याहून अधिक, वारंवार आढळला कीं डॉक्टरांकडे जावें.

या विकाराच्या औषधांच्या इतिहासांत आपल्या मुंबईचें नांव आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. सर्पगंधा ही आपल्या वैद्यकांतील जुनी वनस्पति. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. पुढें १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडला, तेव्हां पाश्चात्त्य जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. तथापि त्याच रेसर्पिनानें कित्येकांचें मन खिन्न होतें असें आढळलें, आणि अधिक निर्धोक औषधें येतांच तें मागें पडलें. तेव्हां स्वदेशाभिमानास्तव कोणीं मुळी आणून घरीं काढे करूं नयेत.

अधिक भय आहे तें गर्भिणीचें. विसाव्या आठवड्यानंतर दाब वाढला, लघवींत प्रथिन दिसूं लागलें, डोकें ठणकूं लागलें वा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर दृष्ट काढीत बसूं नये. आंकडी येऊन माता व बालक दोघेंही दगावण्याचा संभव असतो. रुग्णालयांत मॅग्नेशियम सल्फेट दिल्यानें आंकडीचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हें दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील, २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत सिद्ध झालें. आणखी एक. सासूबाईंची गोळी सूनबाईंनीं कदापि घेऊं नये. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल हीं एरवीं उत्तम औषधें गर्भास घातक आहेत. गर्भिणीस लॅबेटलॉल, मेथिलडोपा, निफेडिपिन अशीं निराळीं औषधें डॉक्टर देतात. ज्या स्त्रीचा दाब बाळंतपणांत वाढला होता, तिला उत्तरायुष्यांत या विकाराचा धोका अधिक. तिचा दाब नियमानें मोजीत जावा.

नीरा ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. २०१७ सालीं सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमांत महाराष्ट्रांतील जे जिल्हे आरंभीं घेतले, त्यांत तो होता. ठराविक स्वस्त औषधें, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि जो रोगी फिरकला नाहीं त्याची विचारपूस, एवढीच त्यांतील युक्ति. आमच्या मतें विचारपूस मुख्य. दाब उतरला कीं “आतां बरें वाटतें” म्हणून गृहिणी गोळी सोडून देतात. दाब गोळीमुळें उतरला आहे, हें त्यांस कोणीं सांगत नाहीं. यजमानांच्या गोळीची वेळ त्यांना पाठ असते. त्यांच्या गोळीची वेळ घरांत कोणास पाठ आहे?

मिठाविषयीं थोडें. दिवसाकांठीं माणशीं ५ ग्रॅमपेक्षां कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता नाहीं, आणि लोणचें, पापड, सांडगे सर्व त्यांतच आलें. स्वतःपुरती अळणी भाजी निराळी शिजविणारी गृहिणी आम्हीं तरी पाहिली नाहीं. तेव्हां मीठ कमी व्हावयाचें तर तें सर्वांच्याच पातेल्यांत झालें पाहिजे, आणि पानावर बसलेल्यांनीं वरून मीठ मागूं नये.