कोलंबिया गॉर्जमधला फुलांचा हंगाम

पोर्टलंडकडच्या मंडळींनो, एप्रिल लागला की मल्टनोमा धबधब्याच्या पार्किंगसाठी ताटकळत बसू नका. १८९ मीटरचा तो धबधबा देखणा आहेच, पण त्या गर्दीत फुलं कोण बघणार! त्यापेक्षा लटोरेल धबधब्याची वाट धरा.

तिथे ओल्या सावलीत ट्रिलियम फुलतं. तीन पानं, तीन पाकळ्या, सगळा तिनाचाच हिशेब. फूल उमलतं पांढरंशुभ्र आणि जुनं होत जाताना गुलाबी-जांभळं होतं, त्यामुळे एकाच उतारावर दोन जाती आहेत असं वाटतं. बीला चिकटलेल्या तेलकट गराच्या लोभाने मुंग्या ते वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. झाली पेरणी! पण बीपासून पहिलं फूल यायला अनेक वर्षं लागतात. तेव्हा तोडायचं नाही म्हणजे नाही.

मग तासभर पूर्वेला, रोवीनाला जा. कॅस्केड पर्वतरांग ढग अडवते. कॅस्केड लॉक्सला वर्षाला सुमारे ७५ इंच पाऊस, तर पूर्वेकडच्या द डॅल्सला जेमतेम १४. आपल्या महाबळेश्वर-फलटणचाच प्रकार. म्हणून इकडे झाडी विरळ आणि गवताळ पठारावर बाल्समरूटची पिवळी, ल्युपिनची निळी-जांभळी फुलं. एप्रिलच्या उत्तरार्धात बहर ऐन भरात असतो. वारा मात्र कानशिलं बधिर करतो.

पूर्ण पँट घाला. गोचिडी असतात, शिवाय पॉयझन ओक. त्याचीही पानं तीन-तीनच, पण बहुधा चकचकीत. हात लागला तर आठवडा-दोन आठवडे खाजवत बसाल.