गाडी सुटेपर्यंतचे पाच तास

आमच्या मंद्रूपच्या माणसास पुण्यामुंबईस, हैदराबादेस अथवा त्याहून दूर जावयाचे झाल्यास विजापूर रस्त्याने आधी सोलापूर गाठावे लागते. तेथे एस. टी. सोडावयाची व आगगाडी धरावयाची. या दोहोंच्या वेळा जुळल्या तर तो सुयोगच समजावा. बहुधा मध्ये चारपाच तास उरतात आणि ते तास आपली मंडळी फलाटावर वळकटीस टेकून, गाडी कधी येईल हे दर दहा मिनिटांनी विचारीत घालवितात. आमच्या आप्तांपैकी एक वृद्ध बाई मुंबईस लेकाकडे तीस वर्षे जात येत होत्या. सोलापूर स्टेशनवरील कोणत्या बाकावर दुपारी सावली पडते हे त्यांस पाठ होते. परंतु सिद्धेश्वराचे तळे मात्र त्यांनी एकदाही पाहिले नव्हते!

हा खोळंबा उपयोगी कसा लावावा, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. परदेशी ही गोष्ट मोठ्या दक्षतेने केली जाते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, दुसऱ्या विमानाची काही तास वाट पाहणाऱ्या प्रवाशांस मोफत शहर दाखवून आणण्याची सोय आहे. सोलापुरास अशी सोय कोणी करून ठेवलेली नाही. ती ज्याची त्यानेच करावयाची.

प्रथम हिशेब. तो नेहमी गाडीच्या वेळेपासून उलटा करावा. समजा, गाडी रात्री नऊ वाजता आहे व आपण चार वाजता एस. टी. स्थानकावर उतरलो. नऊच्या आधी पाऊण तास, म्हणजे सव्वाआठास, फलाटावर असावे. त्याआधी पाऊण तास जेवणाचा, म्हणजे साडेसात. गावातून स्टेशनकडे परतण्यास सायंकाळच्या गर्दीत अर्धा तास धरावा, सात वाजले. इकडे उतरल्यावर स्टेशनावर जाऊन सामान ठेवण्यास अर्धा तास आणि तेथून गावात जाण्यास अर्धा तास. म्हणजे पाच वाजले. हाती उरले दोन तास. पाचांचे दोन झालेले पाहून विद्यार्थिमित्रांस वाईट वाटेल. पण हे दोन तास खरोखर आपले असतात, कारण त्यांत घड्याळाची धास्ती नसते.

हा हिशेब आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी मामांच्या मुलास घेऊन आम्ही पुण्यास निघालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नोकरीसाठी मुलाखत होती. वेळ पुष्कळ आहे अशा समजुतीने चादरींच्या दुकानात बसलो. चादरी उलगडल्या जात होत्या, भाव चालला होता. बाहेर आलो तो रस्त्यावर मिरवणूक! फलाटावर पोहोचलो तेव्हा शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा दूर जाताना दिसला. रात्रभर एस. टी.त उभ्याने प्रवास करून तो मुलगा मुलाखतीस कसाबसा पोहोचला. पण ती जागा त्यास मिळाली नाही. ती चादर अद्याप आमच्या घरी आहे आणि ती अंगावर घेताना आम्हांस अजून ओशाळे वाटते.

सामानाविषयी एकच सांगणे. ते स्टेशनावरील सामानघरात पावती घेऊन ठेवावे. तेथे तिकीट दाखवावे लागते व नगास कुलूप असावे लागते; म्हणून दोरीने बांधलेले बोचके नेऊ नये. पैसे, औषधे व कागदपत्रे मात्र जवळच ठेवावीत.

आता काय पाहावे? ज्याच्याजवळ दोन तास आहेत त्याने तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूर यांचे नाव काढू नये. ती ठिकाणे स्वतंत्र दिवसाची आहेत. सोलापुरात जे एकास एक लागून आहे तेच निवडावे, आणि या दृष्टीने भुईकोट किल्ला व सिद्धेश्वराचे तळे यांसारखी जोडी नाही.

किल्ला उजेड असतानाच पाहावा, म्हणून तो आधी. डोंगरी किल्ले पाहिलेल्यास हा सपाट जमिनीवरचा कोट प्रथम लहान वाटेल. परंतु याच कोटासाठी निजामशाही व आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या झगडल्या. अहमदनगरच्या चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले गेले होते. पुढे 1818 च्या मे महिन्यात जनरल मन्रो याने पेशव्यांच्या फौजेचा येथे पाडाव केला. तटावर उभे राहिले की पलीकडे तळ्याचे पाणी व त्यातील देवालय दिसते.

तेथून तळ्याकडे यावे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम यांचे हे स्थान. बसवेश्वरांच्या काळातील या पुरुषाची कानडी वचने प्रसिद्ध आहेत. नगराभोवती त्यांनी 68 लिंगे स्थापिली आणि लोकांस पाणी मिळावे म्हणून तळे खोदविले, असे परंपरा सांगते. मकरसंक्रांतीस येथे गड्ड्याची जत्रा भरते व उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते. त्या दिवसांत गाडी धरावयाची असल्यास वरील हिशेबात आणखी एक तास घालावा! दिवेलागणीस घाटावर बसले असता शेजारी मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारही भाषा कानी पडतात. तेलुगू बोलणारी पुष्कळ घराणी विणकामासाठी तेलंगणातून येथे आली. 1860 मध्ये लोहमार्ग आला, पुढे गिरण्या उभ्या राहिल्या, आणि सोलापूर हे कापडाचे गाव झाले. त्या मोठ्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. चादरीचे नाव मात्र टिकून आहे. खऱ्या चादरीची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. ती उलटून पाहावी: एका बाजूस फुलाचा जो रंग, तो दुसऱ्या बाजूस जमिनीचा दिसतो. (ही परीक्षा पाच मिनिटांत होते, हे आम्ही फार उशिरा शिकलो.)

परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रिक्षा क्षणभर थांबवावी. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरावर लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांस 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पालकांनी मुलांस ही नावे तेथेच वाचावयास लावावीत.

ज्यास दिवसाचे दोन तास अधिक मिळतील त्याने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक पाहावे. ते केव्हा उघडे असते हे आधी विचारून घ्यावे. 1910 साली याच गावी जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये चीन देशी जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेला व 1942 मध्ये तेथेच वारला.

पावसाची झड असल्यास अथवा सोबत तान्हे मूल किंवा आजारी माणूस असल्यास यातले काही करू नये. शेंगाची चटणी व कडक भाकरी बांधून घ्यावी आणि फलाटावर स्वस्थ बसावे.

वर सांगितलेल्या बाईंस गेल्या हिवाळ्यात आम्ही वरील हिशेबाने तळ्यावर नेले. किल्ल्याच्या पायऱ्या त्यांच्याने चढवत नव्हत्या, म्हणून तो सोडला. अर्धा तास त्या घाटावर काही न बोलता बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं जवळ होतं होय रे?" सव्वाआठास आम्ही फलाटावर होतो. गाडीच चाळीस मिनिटे उशिरा आली.