होतकरूंसाठी राखलेली जागा

1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. अहमदनगरच्या शाळा, 1842 साली निघालेलं ‘ज्ञानोदय’ हा त्याचाच पुढचा विस्तार. हॉल शिकला होता मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागातल्या विल्यम्स कॉलेजात. 1821 साली याच विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया मूर तिथून बाहेर पडले आणि अ‍ॅमहर्स्ट गावी नव्या कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. त्या कॉलेजच्या पायाशी होता लोकवर्गणीतून उभारलेला 50,000 डॉलरचा धर्मादाय निधी. गरीब, होतकरू आणि श्रद्धाळू मुलांना शिकवून धर्मोपदेशक करायचं, हा त्याचा उद्देश. आपल्या कितीतरी शिक्षणसंस्थांच्या जन्मकथेत ‘गरीब आणि होतकरू’ हेच शब्द भेटतात.

आज अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स ही अमेरिकेतली सर्वांत कठीण प्रवेशाची कॉलेजं आहेत. दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी आणि मुख्यतः पदवीचं शिक्षण. मुलगी भौतिकशास्त्राबरोबर ग्रीक नाटक शिकू शकते आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवला तरी चालतं. अ‍ॅमहर्स्टला पहिल्या वर्षाच्या जागा पाचशेहून कमी, अर्ज बारा हजारांच्या वर. शंभरांतल्या दहाजणांचीही निवड होत नाही.

ही निवड कशी होते, हे कटऑफच्या यादीवर वाढलेल्या आपल्या घरांना उमगायला जड जातं. तिथे गुणांच्या क्रमाने यादी लागत नाही. समिती एक अख्खा वर्ग जुळवते. व्हायोलिन वाजवणारा हवा, गोलकीपर हवा, आयडाहोच्या खेड्यातली मुलगी हवी. या कॉलेजांमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तरी प्रशिक्षकाच्या यादीतल्या नावाला वजन असतं आणि सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी कॉलेजच्या संघांतून खेळतात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देण्याची प्रथा अ‍ॅमहर्स्टने 2021 साली बंद केली. तोवर वर्गातली साधारण 11 टक्के मुलं त्या घरांतली असत. पुढे 2023 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली. 2024 साली अ‍ॅमहर्स्टच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आलं. निकष बदलला की वर्ग किती झपाट्याने बदलतो, याचा याहून बोलका दाखला मला सापडला नाही.

पण आपल्याकडून अर्ज करणाऱ्यासाठी खरा प्रश्न पैशाचा आहे, आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी विचारला जातो. राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च 90,000 डॉलरच्या घरात, म्हणजे पाऊण कोटीहून जास्त. कित्येक कॉलेजं अमेरिकन विद्यार्थ्याला घेताना त्याची ऐपत पाहत नसली, तरी परदेशी विद्यार्थ्याची पाहतात. गुण, निबंध, शिफारशी सगळं उत्तम असूनही ‘मदत लागेल’ या एका उत्तरापायी अर्ज मागे पडू शकतो. अ‍ॅमहर्स्टने 2008 साली हा भेद मिटवला आणि मदतीतून कर्जही वगळलं. मेन राज्यातलं बोडन कॉलेज 2022 साली त्याच वाटेने गेलं. त्या जुन्या धर्मादाय निधीतला चांगला भाग इथे खऱ्या अर्थाने पुढे गेला, असं मला वाटतं. अशा कॉलेजांची यादी अजून फार छोटी आहे, हेही तितकंच खरं.

नोव्हेंबरमधल्या बंधनकारक अर्जाचीही हीच गोष्ट. ‘निवडलंत तर तुमच्याकडेच येईन’ असं लिहून दिलं की संधी वाढते. कित्येक कॉलेजं जवळपास निम्मा वर्ग अशा अर्जांतूनच भरतात. मात्र मग दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करून पाहता येत नाही. ज्याला तुलना करण्याची गरज नाही, त्यालाच ही वाट सोयीची.

दुसरी अडचण मात्र आपल्या दारातली आहे. अर्जासोबत नववी ते बारावीचे गुण जातात, 650 शब्दांपर्यंतचा निबंध जातो, आणि दोन शिक्षकांची पत्रं जातात. वर्गात ही मुलगी काय विचारते, चुकली तर काय करते, प्रयोग फसल्यावर थांबते की पुन्हा मांडते, हे त्या पत्रातून कळावं अशी अपेक्षा असते. शाळेकडून शाळेचाही परिचय मागवतात: कोणते विषय शिकवता, गुण कसे देता, मुलं पुढे कुठे जातात. कारण अर्ज त्या शाळेच्या परिस्थितीत ठेवून वाचायचा असतो. लातूर-नांदेडच्या मुलाला याचा फायदाच व्हायला हवा.

प्रत्यक्षात काय होतं? अकरावी-बारावीचं कॉलेज क्लासशी जोडलेलं. मुलं कॉलेजात उगवतात ती प्रॅक्टिकलपुरती. मुलाला ओळखतो तो क्लासचा सर, आणि शेकड्यांच्या बॅचमध्ये तोही रोल नंबराने. पत्र मागायला गेलं की “तूच लिहून आण, मी सही करतो.” मग मुलगा स्वतःला ‘मेहनती, शिस्तप्रिय आणि नम्र’ म्हणवणारा परिच्छेद टाइप करतो. तसल्या पत्रातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्या मुलाच्या मागे महागडी आंतरराष्ट्रीय शाळा आणि तिचा पूर्णवेळ समुपदेशक आहे, त्याच्याबद्दल पानभर नेमकं लिहून गेलेलं असतं. हुशारीत तसूभरही कमी नसलेला मुलगा इथे मागे पडतो, आणि आपल्याकडे याची चर्चा होत नाही. सगळा पैसा आणि काळजी निबंध ‘घडवून’ देणाऱ्या सल्लागारांवर खर्ची पडते. सतरा वर्षांच्या मुलाचा साधा, त्याचा स्वतःचा निबंध मला त्यांच्या गुळगुळीत मजकुरापेक्षा केव्हाही मोलाचा वाटतो.

म्हणून पालकांना सांगणं एवढंच की, अर्जाचं शुल्क भरण्याआधी कॉलेजला ईमेल करा आणि परदेशी विद्यार्थ्याची ऐपत निवडीच्या वेळी पाहता का, हे लेखी विचारा. आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांना विनंती: एखादी मुलगी पत्र मागायला आली तर तिला अर्धा तास समोर बसवा, तिने काय वाचलंय, कशावर अडलीय ते विचारा, आणि पत्र तुम्ही लिहा. मराठीत सुचलं तर मराठीत लिहा. अनुवाद करून देणारं कोणीतरी भेटेल.