जुन्या मोटारीत नवे इंजिन

जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्याला एक मोह हमखास होतो. गाडीचे रूप तेच ठेवावे आणि बॉनेटखाली मात्र आजचे इंजिन बसवावे, म्हणजे चढावर दमायला नको आणि मिस्त्रीच्या विनवण्याही नकोत. कल्पना वेडगळ नाही. खुद्द कारखान्यांनीच ती अमलात आणलेली आहे.

आपल्या परिचयाची अ‍ॅम्बॅसिडर घ्या. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी 2014 पर्यंत कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होई. तिचे 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन 1950 च्या दशकातील घडणीचे. 1992 मध्ये त्याच सांगाड्यात जपानच्या इसुझूचे 1817 घनसेंटिमीटरचे, 75 अश्वशक्तीचे इंजिन बसले. पण ते एकटे आले नाही. त्याच्यापाठोपाठ पाच गिअरांचा गिअरबॉक्स आला. स्टिअरिंगच्या खांबावरचा गिअरचा दांडा खाली दोघांच्या मध्ये आला आणि पुढचे सलग बाक जाऊन तेथे दोन सुट्या खुर्च्या आल्या. ज्या बाकावर तिघे, प्रसंगी चौघे, दाटीवाटीने लग्नाला जात, ते बाक एका इंजिनापायी गेले!

याचे कारण असे की, इंजिन ही सुटी वस्तू नव्हे. त्याचा जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचा आस या वाटेने चाकांपर्यंत जातो. एक कडी बळकट केली की ताण पुढच्या कडीवर पडतो. वजनाचेही तसेच. इंग्रजी एमजीबी या छोट्या गाडीत 1973 मध्ये रोव्हरचे आठ सिलिंडरांचे, 3528 घनसेंटिमीटरचे इंजिन कारखान्यातच बसवले गेले. ते साधले, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे होते. मूळच्या ओतीव लोखंडी चार सिलिंडरांच्या इंजिनाएवढेच जवळजवळ त्याचे वजन भरे.

खरा धोका मात्र ब्रेकचा. वेग ताशी 50 किलोमीटरवरून 70 वर गेला की गाडीतील गतीची ऊर्जा सुमारे दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ही सारी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलावी लागते. जुने ड्रम ब्रेक तापले की ड्रम फुगतो, अस्तराची पकड सुटू लागते आणि पेडल खाली जाते. बोरघाट उतरताना हे अनुभवणे बरे नव्हे. ब्रेक सुधारल्यावाचून इंजिनाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचाही घोळ असतो. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आज ऋण टोक जोडतात. नव्या इंजिनाचा संगणक उलट्या जोडणीने क्षणात जळू शकतो.

आता कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे की, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा फेरफार मालकाने परस्पर करू नये. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तिचा सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपातच असले पाहिजे. म्हणजे आजोबांच्या गाडीला जपानी इंजिन दिले, तर तो मान तिला मिळणार नाही. म्हणून जाणते मिस्त्री सांगाडा कापत नाहीत, नवी भोकेही पाडत नाहीत. जुन्याच भोकांवर बसेल असा आधार ते घडवून घेतात आणि मूळ इंजिन तेल घालून, गुंडाळून कोरड्या जागी ठेवायला सांगतात.