घरची लहर हरवते तेव्हा

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर दहिसरचा नाका मागे टाकला, की काशीमीरा लागते. काशी आणि मीरा या दोन जुन्या गावांची नावे एकत्र येऊन हे नाव झाले आहे. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आणि पश्चिमेस मीरा रोड व भाईंदर यांची दाट वस्ती, असा हा भाग आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतो. येथे इमारतीला इमारत लागून उभी आहे. एकेका मजल्यावर चार-चार, सहा-सहा बिऱ्हाडे राहतात, आणि त्यांपैकी पुष्कळ बिऱ्हाडांत दाराजवळ किंवा दूरदर्शन संचाच्या फळीवर एक लहानशी पेटी मिणमिणत असते. तिलाच राउटर असे म्हणतात.

या पेटीचे काम जुन्या काळच्या गावातील दवंडीवाल्यासारखे असते. दवंडीवाला चव्हाट्यावर उभा राहून डफ वाजवी आणि बातमी पुकारी; राउटर आपले स्वतःचे नाव पुकारतो, आणि तेही सेकंदाला सुमारे दहा वेळा. फरक इतकाच, की त्याचा आवाज कानांना ऐकू येत नाही. तो विद्युच्चुंबकीय लहरींच्या रूपाने चोहीकडे पसरतो. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे वीतभराहून बरीच कमी असते. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात बिनतारी लहरींचे जे प्रयोग करून दाखविले, त्यांत त्यांनी याहूनही पुष्कळ आखूड, काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या. ज्या लहरी त्या काळी प्रयोगशाळेतील नवल होत्या, त्यांची भावंडे आज आपल्या घरांच्या भिंतींतून अहोरात्र ये-जा करीत आहेत.

संगणकाच्या अंगी ही दवंडी ऐकणारा जो अवयव असतो, तो म्हणजे बिनतारी कार्ड, किंवा रोजच्या बोलीत वायफाय कार्ड. हे कार्ड हवेतील नावे ऐकते आणि त्यांची यादी पडद्यावर मांडते. त्या यादीत आपल्या घराचे नाव नसेल, तर काय करावे?

समजा, काशीमीरा येथील चौथ्या मजल्यावरच्या एका घरात मामाने वापरून झालेला लॅपटॉप भाचीला दिला. यंत्र जुने, नवी विंडोज त्याला पेलेना, म्हणून त्यावर लिनक्स बसविले. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला, आणि तो कोणासही विनामूल्य वापरता येतो व बदलता येतो. भाचीला प्रोग्रॅमिंग शिकावयाचे आहे, आणि फोनच्या लहानशा पडद्यावर ते शिकणे कठीण. लॅपटॉप सुरू झाला, सर्व काही उत्तम चालले. पण घरचे वायफाय मात्र दिसेना. आईच्या फोनवर तेच वायफाय स्वच्छ दिसते. दुकानदार यंत्र न उघडताच म्हणाला, "कार्ड गेले आहे, नवे टाका, नाहीतर लॅपटॉपच बदला." दोन्ही गोष्टींना पैसे लागतात, आणि दुसरी तर त्या घराला परवडणारीच नाही.

अशा प्रसंगी बहुतेक जण जे करतात, ते म्हणजे पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासणे. हे श्रम व्यर्थ आहेत. पासवर्ड लागतो तो दारातून आत शिरताना. येथे तर घरच दिसत नाही. ओळखणे आणि जोडले जाणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि आपला दोष पहिल्या कामात आहे. मग प्रथम कोणता प्रश्न विचारावा? माझ्या मते तो हा: शेजाऱ्यांची नावे यादीत दिसतात का?

या एका प्रश्नाने निम्म्या शंका फिटतात. एकही नाव दिसत नसेल, तर दोष आपल्या संगणकात आहे असे समजावे. कारण काशीमीऱ्याच्या इमारतीत एकही राउटर पुकारत नाही, असे होणे नाही. उलट, शेजारच्या दहा घरांची नावे दिसत असतील आणि केवळ आपलेच दिसत नसेल, तर कार्ड जिवंत आहे. जे कार्ड दहा दवंड्या ऐकते, ते बहिरे कसे असेल?

प्रथम बहिऱ्या कार्डाचा विचार करू. पुष्कळ लॅपटॉपांवर बिनतारी यंत्रणा बंद करणारी एक कळ असते, आणि नकळत तिच्यावर बोट पडते. लिनक्समध्ये 'आरएफकिल' या नावाची एक आज्ञा आहे. (या आज्ञा संगणकात रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात.) ती दिली, की कार्डाला कळीने अडविले आहे की आज्ञावलीने, हे संगणक स्वतःच सांगतो. आज्ञावलीने अडविले असेल तर दुसऱ्या एका आज्ञेने ते मोकळे करता येते. कळीने अडविले असेल तर कळच दाबावी लागते, तेथे लिनक्सचे काही चालत नाही. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असतील, तर आणखी एक गोष्ट घडते. विंडोज पुरती बंद न होता नुसती डुलकी घेते आणि कार्डाला त्याच अवस्थेत सोडून देते. तिला पूर्णपणे बंद केले, की कार्ड जागे होते.

कळ ठीक असूनही कार्ड मुके असेल, तर बहुधा फर्मवेअर नसते. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतील लहानशा मेंदूला दिलेला पाठ. पुष्कळ कार्डांना हा पाठ कायमचा लक्षात राहत नाही. संगणक सुरू झाला, की दर खेपेस लिनक्स त्यांना तो नव्याने पढविते. पाठाची फाइल संगणकात नसेल, तर कार्ड आहे असे दिसते, पण ते काहीच करीत नाही. 'डीमेसेज' ही आज्ञा दिल्यास संगणक सुरू होतानाची सर्व नोंद वाचावयास मिळते, आणि अमुक नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही, अशी ओळ तीत स्पष्ट लिहिलेली आढळते. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा कार्ड कोणत्या कारखान्याचे आहे ते सांगते. ही दोन उत्तरे हाती आल्यावर अंधारात चाचपडण्याचे कारण उरत नाही.

ही उणीव लिनक्समध्ये का असावी, असे कोणी विचारील. लिनक्स खुले आहे, पण कार्डांचे फर्मवेअर कारखानदारांच्या मालकीचे असते. त्याची घडण ते कोणास दाखवीत नाहीत. म्हणून डेबियनसारख्या लिनक्सच्या काही आवृत्त्यांनी ते आपल्या मूळ संचात ठेवण्याचे अनेक वर्षे नाकारले. यात तत्त्वनिष्ठा होती, परंतु नवख्या माणसाची त्यामुळे फार कुचंबणा होई. शेवटी जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर संचासोबत मिळू लागले. ज्यांचा संच त्याहून जुना आहे, त्यांनी ती फाइल इंटरनेटवरून आणावी लागते. आणि इंटरनेट तर वायफायविना नाही! हा पेच सोडविण्याची युक्ती सोपी आहे. फोन तारेने लॅपटॉपला जोडावा आणि फोनवरचे इंटरनेट त्या तारेतून द्यावे. लिनक्सला ते तारेचे जाळे वाटते, आणि फाइल मिनिटभरात उतरते.

आता भाचीच्या लॅपटॉपकडे वळू. तिने यादी पाहिली, तेव्हा शेजाऱ्यांची नऊ नावे होती. म्हणजे कळ, फर्मवेअर, कार्ड ही सर्व निर्दोष ठरली, आणि दुकानदाराचे म्हणणे तेथेच खोटे ठरले. लॅपटॉप राउटरच्या अगदी शेजारी नेऊनही घरचे नाव उमटले नाही. तेव्हा भिंतींचाही दोष नव्हे. (लांबून अजिबात दिसत नाही आणि जवळ नेल्यावर दिसते, असे असते, तर कार्डाला जोडलेली अँटेनाची बारीक तार सुटली असल्याचा संशय घ्यावयास हवा होता. दुरुस्तीसाठी लॅपटॉप उघडला, की ती तार निसटणे ही नित्याची गोष्ट आहे.)

मग नाव कोठे गेले? येथे हवेतील रस्त्यांविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे. वायफायच्या लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत धावतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवान्याशिवाय वापरण्यास मोकळा आहे. दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. पुष्कळ जुन्या कार्डांना पहिलाच पट्टा ऐकू येतो. राउटर केवळ दुसऱ्या पट्ट्यात पुकारत असेल, तर अशा कार्डाला तो कधीच सापडणार नाही. भाचीच्या घरचा राउटर मात्र पहिल्याच पट्ट्यात बोलत होता.

या पहिल्या पट्ट्यात तेरा मार्ग आखलेले आहेत. त्यांना चॅनेल म्हणतात. पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, आणि पुढे दर पाच मेगाहर्ट्झला एक, असे करीत तेरावे चॅनेल २४७२ वर येते. पण प्रत्येक राउटरला सुमारे वीस मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागते. त्यामुळे शेजारची चॅनेले एकमेकांवर चढतात, आणि एकमेकांना धक्का न लावता चालणारी तीनच उरतात. सामान्यतः ती १, ६ आणि ११ अशी धरली जातात. काशीमीऱ्याच्या इमारतीत नऊ-दहा राउटर या तिहींवर गर्दी करून बसलेले. राउटरला मोकळी जागा स्वतः शोधण्याची मुभा दिलेली असेल, तर तो काय करील? तो पट्ट्याच्या टोकाला सरकतो आणि निवांत असलेले तेरावे चॅनेल धरतो. रेल्वेच्या डब्यात गर्दी असली, की आपणही शेवटच्या डब्याकडे धावतोच.

तेराव्या चॅनेलवर बोलणे भारतात सर्वस्वी कायदेशीर आहे. अमेरिकेत मात्र तेथील पट्ट्याच्या लगत वरच्या बाजूस राखीव क्षेत्र असल्याने नियम कडक आहेत, आणि तेथील बाजारासाठी तयार होणारी यंत्रे सामान्यतः अकराव्या चॅनेलपाशीच थांबतात. लिनक्स या बाबतीत फार काटेकोर आहे. तिच्यापाशी देशोदेशींच्या नियमांची एक वही असते, आणि ज्या देशाची अक्षरे संगणकात नोंदलेली असतील, त्या देशाच्या नियमांबाहेर ती कार्डाला जाऊ देत नाही. अमेरिकेची अक्षरे नोंदलेली असली, तर बाराव्या आणि तेराव्या चॅनेलवर बोलणे तर दूरच, कार्ड तेथे कानही देत नाही. मामाचा लॅपटॉप अमेरिकेतून आलेला. काशीमीऱ्यात बसून तो अमेरिकेचा कायदा पाळीत होता!

आईच्या फोनला घरचे वायफाय का दिसत होते, याचाही उलगडा येथेच होतो. फोनला मोबाइलच्या मनोऱ्याकडून आपण भारतात आहोत हे कळते आणि तो भारताचे नियम लावतो. तसेच, वीज जाऊन आल्यावर एखादे दिवशी लॅपटॉपला घरचे नाव अचानक दिसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीसे होई. घरात कोणी पावसाला दोष दिला, कोणी लिनक्सला. वस्तुतः वीज परत आल्यावर राउटर नव्याने जागा शोधी. कधी सहावे चॅनेल धरी, कधी तेरावे.

हे अनुमान खरे आहे की नाही, हे ताडून पाहता येते. 'आयडब्ल्यू रेग गेट' ही आज्ञा दिली, की कोणत्या देशाचे नियम चालू आहेत ते दिसते. 'आयडब्ल्यू लिस्ट' दिली, की सर्व चॅनेलांची यादी येते, आणि २४७२ या आकड्यापुढे ते बंद असल्याचा शेरा असल्यास निदान पक्के झाले. 'आयडब्ल्यू रेग सेट' लिहून पुढे भारताची 'आय' आणि 'एन' ही दोन अक्षरे लिहिली, की नियम बदलतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा बदल पुसला जातो. तो टिकवावयाचा असेल, तर लिनक्सच्या सुरुवातीच्या सूचनांत तीच अक्षरे नोंदवावी लागतात. जपानची किंवा अन्य कोठली अक्षरे घालून अधिक चॅनेले मिळविण्याचा मोह मात्र टाळावा. त्या लहरींवर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असतो, आणि आपण राहतो त्या देशाचाच कायदा आपल्याला लागू आहे.

काही कार्डे या आज्ञेलाही जुमानत नाहीत. त्यांच्या कारखानदाराने देशाची मर्यादा कार्डातच कोरलेली असते, आणि लिनक्स ती ओलांडू देत नाही. भाचीचे कार्ड नेमके असेच निघाले. तेव्हा तिने दुसरा उपाय केला. आईच्या फोनवरून राउटरचे पान उघडले, चॅनेल स्वतः निवडण्याची त्याची मुभा काढून घेतली आणि शेजाऱ्यांच्या यादीत सर्वांत कमी गर्दी असलेले सहावे चॅनेल कायमचे नेमून दिले. राउटर क्षणभर विझला आणि पुन्हा लागला. लॅपटॉपच्या यादीत दहावे नाव उमटले. मग तिने पासवर्ड टाकला.